आधी बुलडोझरचा हिशेब द्या

घानाच्या ५० पेसेवाच्या नाण्यावर एका बाईचं चित्र आहे. ती राणी नाही, देवी नाही, कुणा अध्यक्षाची बायकोही नाही. ती बाजारात बसून माल विकणारी बाई आहे. २००७ साली घानानं नवं चलन काढलं, तेव्हा तिला नाण्यावर जागा दिली. चांगलं केलं. तो मान तिचाच होता.

त्याच घानात १९७९ च्या ऑगस्टमध्ये सैनिक अक्रा शहरातल्या मकोला बाजारात घुसले. सुरुंग लावले, बुलडोझर फिरवले आणि १९२४ पासून भरणारा, बायकांनी चालवलेला बाजार भुईसपाट केला. त्या वर्षी घानात बाजारातल्या बायकांना चारचौघांत फटके मारले गेले. त्यांचा माल जप्त झाला आणि सैनिक म्हणतील त्या भावात विकला गेला. आरोप एकच होता: महागाई तुम्ही केली. पाडलेल्या बाजाराची जागा पुढे वाहनतळ झाली आणि तिला नाव पडलं रॉलिंग्ज पार्क. बाजार पाडला गेला तेव्हा सत्तेवर असलेल्या जेरी रॉलिंग्ज यांचं नाव.

आफ्रिकेतल्या बायकांचं नेतृत्व, त्यांची आर्थिक ताकद आणि त्यांचा गौरव यांवर बोलायचं असेल, तर नाणं आणि बुलडोझर दोन्ही समोर ठेवून बोलावं लागेल. एक दाखवायचं आणि दुसरं झाकायचं, हे चालणार नाही.

गौरवाला आज तोटा नाही. दर वर्षी ३१ जुलैला आफ्रिकी महिला दिन साजरा होतो. आफ्रिकी संघानं २०१० ते २०२० हे दशक आफ्रिकी महिलांचं म्हणून जाहीर केलं, त्यातलं २०१५ हे वर्ष पुन्हा वेगळं त्यांच्या सक्षमीकरणाला वाहिलं. परिषदा भरतात, मानचिन्हं दिली जातात, छायाचित्रं निघतात. हे बंद करा, असं मी म्हणणार नाही. गौरव हवाच, पण हिशेबासकट हवा. व्यासपीठावर बाईला काय दिलं हे सांगताना, बाजारात, शेतात आणि बँकेत तिच्याकडून काय हिसकावून घेतलं, तेही त्याच माइकवरून सांगा.

कारण पश्चिम आफ्रिकेतली बाजारकरीण कुणाच्या उपकाराची वाट बघत बसलेली नव्हती. घानातल्या अकान लोकांच्या बाजारांत प्रत्येक मालाची एक प्रमुख बाई असते. तिला ओहेम्मा म्हणतात, म्हणजे राणी. याम कंदाची राणी वेगळी, टोमॅटोची वेगळी. दोन विक्रेतींचं भांडण ती मिटवते. गावाकडून ट्रक भरून आलेल्या मालवाल्याशी व्यवहार कसा करायचा, उधारी बुडवणाऱ्याचं काय करायचं, हे तिच्यासमोर ठरतं. व्यापारातल्या बाईच्या घरी कुणी वारलं, तर सगळ्यांच्या वतीनं तीच अंत्यविधीला उभी राहते. कुमासीच्या मध्यवर्ती बाजारात हजारो बायकांचा व्यापार अशा राण्यांच्या शब्दावर चालत आला आहे. न्यायनिवाडा, पतपुरवठा, पुरवठ्याची साखळी, विम्यासारखा आधार, सगळं तिथे आहे. हे नेतृत्व नव्हे, तर दुसरं काय?

आणि या बायकांचं राजकारणातलं देणं विसरू नका. क्वामे एन्क्रुमा यांचा पक्ष स्वातंत्र्यासाठी लढत होता, तेव्हा त्याला पैसा आणि माणसं पुरवण्यात बाजारकरणी पुढे होत्या. त्यांनी उभ्या केलेल्या देशाच्या सैनिकांनीच पुढे त्यांच्या पाठीवर फटके मारले.

१९७९ ची महागाई खरी होती. पण ती आली कुठून? कोकोचं उत्पादन घसरलं होतं. चलनाचा सरकारी दर आणि खुल्या बाजारातला दर यांत प्रचंड अंतर पडलं होतं. आयातीचे परवाने सत्तेच्या मर्जीतल्या लोकांना मिळत होते. माल कमी आला की भाव चढतो, हे बाजारात बसणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. सत्तेला ते कळून घ्यायचं नव्हतं. परवाने वाटणारा अधिकारी कचेरीत बसलेला असतो, कोकोचा जागतिक भाव लंडनमध्ये ठरतो. समोर, उघड्यावर, हाताला लागेल अशी बसलेली असते ती विकणारी बाई. म्हणून तिला धरलं. बाजार पाडून कोको वाढला नाही, सेडी हे चलन सावरलं नाही. १९८३ साली त्याच रॉलिंग्ज यांच्या सरकारला नाणेनिधीचा कार्यक्रम स्वीकारून चलनाचं अवमूल्यन करावं लागलं. रोग चलनात आणि परवान्यांत होता. शिक्षा भोगली बाजारकरणींनी.

ही खोड घानापुरती नाही आणि सैनिकांनी शोधलेलीही नाही. गोऱ्या साहेबानं ती आधीच लावून दिली होती.

१९२९ चा नोव्हेंबर. आग्नेय नायजेरियातलं ओलोको गाव. पुरुषांवर कर आधीच बसला होता आणि आता बायकांवरही बसणार, अशी कुणकुण होती. इंग्रजांनी नेमलेल्या मुखियाचा माणूस मोजणी करत न्वान्येरुवा नावाच्या विधवेच्या दारात आला. ती पामतेल काढत होती. शेळ्या मोज, मेंढ्या मोज, माणसं मोज, असं तो म्हणाला. तिनं उलट विचारलं, तुझी आई मोजली होती का? बाचाबाची झाली आणि ती थेट बाजाराच्या मैदानातल्या बायकांकडे गेली. पामची पानं हातोहात गावोगाव फिरली. पानं म्हणजे निरोप: या. हजारो बायका निघाल्या. मुखियांच्या अंगणात ठाण मांडून त्यांनी त्यांना पदं सोडायला लावली, साहेबाची कोर्टं जाळली, व्यापारी वखारींवर चालून गेल्या. पामतेलाचा भाव पडत होता आणि वर कराची टांगती तलवार होती. या बायका आपल्या धंद्याच्या जिवासाठी उभ्या होत्या. सरकारनं गोळ्या घातल्या. पन्नासहून अधिक बायका मारल्या गेल्या.

साहेबाच्या दप्तरात याची नोंद ‘आबाची दंगल’ अशी झाली. इग्बो बायका याला बायकांचं युद्ध म्हणतात. बायकांवरचा कर बारगळला, ओलोकोच्या मुखियाची खुर्ची गेली आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रजांना ती मुखियापद्धतच बदलावी लागली. या स्त्रियांना अजून कुणी आर्थिक सक्षमीकरणाच्या कार्यशाळेला बसवलं नव्हतं.

साधारण वीस वर्षांनी त्याच नायजेरियाच्या नैऋत्येला, अबेओकुटात, शिक्षिका फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी बाजारकरणींची बाजू घेतली. सुरुवातीला त्यांचं मंडळ शिकल्यासवरल्या बायकांचं होतं. बाजारातल्या बायका आल्या आणि सांगू लागल्या की आमचा तांदूळ जप्त होतो, आमच्याकडून वेगळा कर घेतात. तेव्हा मंडळाचं रूपच पालटलं आणि अबेओकुटा महिला संघ उभा राहिला. हजारो बायका राजवाड्यासमोर बसल्या. अखेर १९४९ च्या जानेवारीत तिथल्या राजाला, अलाके अडेमोला यांना, गादी सोडावी लागली. पुढच्या वर्षी ते परतले, हेही खरं. पण बायकांवरचा तो कर गेला. सुशिक्षित बाई बाजारातल्या बाईला शिकवायला न जाता तिच्याकडून ऐकायला गेली, म्हणून हे घडलं. आजच्या परिषदांनी नेमकं हेच सोडून दिलं आहे.

टोगोची राजधानी लोमे बघा. तिथल्या कापड व्यापारिणींना नाव पडलं होतं नाना बेंझ, कारण त्या मर्सिडीज बेंझमधून फिरत. हॉलंडमध्ये छापलेलं मेणाच्या छपाईचं कापड त्या घाऊक घेत आणि आसपासच्या देशांतल्या व्यापाऱ्यांना विकत. कुठलं नक्षीकाम चालेल, कुठलं पडून राहील, हे त्यांना कंपनीपेक्षा आधी कळे. नक्षींना नावं त्या देत आणि नावावर कापड खपे. काही नक्षींच्या विक्रीचे हक्क एकेका बाईकडे राखलेले असत. सरकारी पाहुणे आले, की सरकार या व्यापारिणींच्याच गाड्या मागून नेई. यातल्या कित्येक जणी शाळेत फारशा गेल्या नव्हत्या.

मग १९९४ च्या जानेवारीत सीएफए फ्रँकची किंमत एका निर्णयानं निम्मी झाली. हॉलंडहून येणारं कापड रातोरात दुप्पट महाग पडू लागलं. त्यानंतर चिनी नकला आल्या, नक्षी तीच आणि किंमत नावापुरती. नाना बेंझांचं साम्राज्य विरत गेलं. तो निर्णय घेणाऱ्यांनी त्यांना विचारलं होतं का? ज्यांच्या गाड्या पाहुण्यांसाठी मागून नेल्या, त्यांना चलनाच्या बैठकीत खुर्ची नव्हती. नेमकी इथे मेख आहे. बाई धंदा उभा करते. धंद्याचे नियम मात्र दुसऱ्याच खोलीत ठरतात.

नियमांच्या खोलीत शिरायचं म्हणजे काय, हे एस्थर ओक्लू यांनी दाखवलं. जन्म १९१९ चा, घानातल्या व्होल्टा भागातला, वडील लोहार. शिष्यवृत्तीवर अचिमोटा या नावाजलेल्या शाळेत शिकल्या. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हातात आलेल्या दहा शिलिंगांतून त्यांनी साखर, संत्री आणि बरण्या घेतल्या, मार्मालेड केलं आणि रस्त्यावर विकलं. अचिमोटात शिकलेली मुलगी रस्त्यावर माल विकते, म्हणून सोबतिणींनी हिणवलं. त्या विकत राहिल्या. पुढे त्यांच्याच शाळेनं नियमित पुरवठ्याचं काम दिलं, त्या कामाच्या बळावर कर्ज मिळालं आणि एन्कुलेनू हा खाद्यप्रक्रियेचा उद्योग उभा राहिला. १९४९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, अन्न टिकवण्याचं शास्त्र शिकल्या, परत आल्या आणि इतर बायकांना शिकवू लागल्या.

ओक्लू यांनी स्वतःच्या यशाचं पारायण करत आयुष्य काढलं नाही. आपल्याला कर्ज मिळालं ते हातात पुरवठ्याचं काम होतं म्हणून, आणि जिच्या हातात असा कागद नाही तिला बँक दारातही उभं करत नाही, हे त्यांनी ओळखलं. १९७५ च्या मेक्सिको महिला परिषदेत ज्या स्त्रिया या प्रश्नानं एकत्र आल्या, त्यांत आपल्या अहमदाबादच्या सेवा संघटनेच्या इला भट्टही होत्या. त्यातून १९७९ मध्ये महिलांसाठीची जागतिक बँकिंग संस्था, विमेन्स वर्ल्ड बँकिंग, उभी राहिली. तिच्या संचालक मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष एस्थर ओक्लू. तारण नसलेल्या बाईसाठी बँकेपुढे हमी कुणीतरी घ्यायची, एवढं साधं आणि एवढं मोठं काम. बारीक विचार करा: याच १९७९ साली अक्रात मकोला पाडला जात होता. एकीकडे घानाची एक बाई जगभरच्या बायकांसाठी पतपुरवठ्याचा रस्ता काढत होती. दुसरीकडे घानाचं सैन्य घरच्या बायकांची दुकानं उडवत होतं.

कर्ज नाही म्हणून बायका बसून राहत नाहीत. घानात सुसू आहे, योरुबा लोकांत एसुसू, फ्रेंच बोलणाऱ्या देशांत तोंतीन, दक्षिण आफ्रिकेत स्टोकव्हेल. आपल्या भिशीच्या या सख्ख्या बहिणी. नायजरमधल्या माराडीत १९९१ पासून बचतीचे गट सुरू झाले. तिथे पैसा लोखंडी पेटीत राहतो. पेटीला तीन कुलुपं, किल्ल्या तीन बायकांकडे, आणि पेटी उघडते ती सगळ्यांसमोर. तिथून ही पद्धत खंडभर पसरली.

याचं कौतुक करा, पण कौतुकाआड बँकेला लपू देऊ नका. घानात सुसू गोळा करणारा माणूस रोज दुकानापाशी येतो, ठरलेली रक्कम घेतो आणि महिनाअखेर परत देतो. मोबदल्यात एका दिवसाची रक्कम ठेवून घेतो. म्हणजे ठेवीवर व्याज मिळायचं, तिथे ही बाई पैसा सुरक्षित राहावा म्हणून स्वतः पैसे मोजते. ती हे करते, कारण बँकेची पायरी तिच्यासाठी उंच ठेवलेली आहे. आफ्रिकी विकास बँकेच्या हिशेबानं आफ्रिकेतल्या उद्योजक बायकांना लागणारं आणि मिळणारं भांडवल यांतली तफावत ४२ अब्ज डॉलरची आहे. जागतिक बँकेनं २०१९ मध्ये सांगितलं, की सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या देशांत बायकांच्या धंद्यांचा नफा पुरुषांच्या धंद्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के कमी आहे. बायका कमी राबतात म्हणून हे होत नाही. भांडवल कमी, माल कमी, जागा लहान, डोक्यावर घरकाम, आणि तारण म्हणून ठेवायला जमीन नाही.

जमीन का नाही? कायद्यानं दिली नाही म्हणून. लेसोथोत २००६ पर्यंत लग्न झालेली बाई कायद्यानं अज्ञान धरली जाई. नवऱ्याच्या संमतीवाचून तिला करार करता येत नसे, कर्ज घेता येत नसे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात धंद्यासाठी नवऱ्याची परवानगी लागे. ती अट २०१६ मध्ये निघाली. दक्षिण आफ्रिकेत काळ्या कुटुंबांतला वारसा परंपरेनुसार थोरल्या पुरुषाकडेच जाई. ते २००४ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं रद्द केलं. इग्बो मुलींना बापाच्या मालमत्तेत वाटा नाकारणं घटनाविरोधी आहे, हे नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं. या तारखा पुन्हा वाचा. नाना बेंझ मर्सिडीजमधून फिरत होत्या, तेव्हा याच खंडातल्या लाखो बायकांची सही कागदावर चालत नव्हती.

रवांडानं १९९९ च्या कायद्यानं मुलींना वारसाहक्क दिला, २००३ च्या घटनेत निर्णयाच्या पदांवर किमान ३० टक्के बायका ठेवल्या आणि २००८ मध्ये तिथली लोकप्रतिनिधींची सभा जगातली पहिली स्त्री-बहुमताची सभा झाली. लायबेरियात एलन जॉन्सन सरलीफ अध्यक्षपदी निवडून आल्या, तेव्हा युद्धकाळात शहराला जेवू घालणाऱ्या बाजारकरणींची आठवण त्यांच्या समर्थकांनी ठेवली. २००७ मध्ये सरलीफ यांच्या नावानं निधी उभारला आणि बाजार पुन्हा बांधले, पाणी, शौचालयं आणि माल ठेवायच्या जागेसकट. याला मी गौरव म्हणेन. पाऊस आला तरी माल भिजत नाही, असा गौरव.

नायजेरियानं काय केलं? एन्गोझी ओकोन्जो-इवेआला २०२१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख झाल्या. त्या पदावरची पहिली स्त्री, पहिली आफ्रिकी व्यक्ती. देशानं अभिमान मिरवला आणि मिरवायलाच हवा होता. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या मार्चमध्ये, त्याच देशाच्या संसदेनं बायकांसाठी जादा जागा ठेवणारं विधेयक फेटाळलं. संसदेत बायका पाच टक्केही नाहीत. जगाचा व्यापार बाईच्या हाती शोभतो, मग घरचा कायदा का शोभत नाही?

आणि केनियाचा धडा तर पाठच करावा असा आहे. वांगारी माथाई यांनी १९७७ पासून खेड्यातल्या बायकांना रोपवाटिका करायला लावल्या. जगलेल्या रोपामागे त्या बायकांना थोडे पैसे मिळत, म्हणजे जंगलही वाढे आणि बाईच्या हातात कमाईही येई. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कात सरकारला गगनचुंबी इमारत बांधायची होती. माथाईंनी ती अडवली. १९९१ मध्ये त्यांना आफ्रिका प्राइझ मिळालं, गोल्डमन पुरस्कार मिळाला. १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या आयांसोबत त्याच उहुरू पार्कात बसल्या असताना पोलिसांनी त्यांना बेशुद्ध होईपर्यंत मारलं. पुरस्कार १९९१ चा, लाठी १९९२ ची. नोबेल आलं २००४ मध्ये, आणि मग सगळ्यांनाच त्या आपल्या वाटू लागल्या.

बाई सरकारला अडचणीची ठरते, तेव्हाच तिच्या नेतृत्वाची कसोटी लागते आणि सरकारच्या दानतीचीही. कुणाला न खुपणाऱ्या बाईचा सत्कार करायला हिंमत लागत नाही.

म्हणून आफ्रिकेतल्या स्त्री-नेतृत्वाच्या पुढच्या प्रत्येक सोहळ्यात सत्कार करणाऱ्या सरकारनं आधी उभं राहून काही गोष्टी जाहीर कराव्यात. गेल्या वर्षी किती बाजार उठवले आणि किती बायकांना पर्यायी जागा दिली. जमिनीच्या किती कागदांवर बायकांची नावं चढली. सरकारी बँकांनी तारणाशिवाय किती बायकांना, किती व्याजानं कर्ज दिलं. कर, आयात आणि चलनाचे निर्णय झाले, त्या बैठकीत बाजारातली कोण होती. आफ्रिकी संघाच्या देशांनी २००३ मध्ये मापुटोत स्त्रियांच्या हक्कांचा करार मान्य केला आहे, मालमत्ता आणि वारसा त्यात स्पष्ट लिहिला आहे. तेव्हा ही कुणाकडे मागितलेली भीक नव्हे. दिलेल्या शब्दाची ही वसुली आहे.

आणि ज्या सरकारला ही उत्तरं देता येत नसतील, त्याच्या हातचं मानपत्र बाईनं घेऊ नये.